विनूभाऊंची कामोरी

विनूभाऊ गेल्याचं राजूने फोनवर सांगितलं तेव्हा मी कुकरच्या शिट्टीची वाट पाहत होते. "भाऊ गेले जी, मॅडम," म्हणाला. मी "बरं" म्हटलं. आता "बरं" काय म्हणायचं असतं? पण तोंडातून तेच निघालं. फोन ठेवला, शिट्टी झाली, गॅस बंद केला, जेवायला वाढलं. महिनाभराने राजूचा पुन्हा फोन आला, की भाऊंची गिटार वहिनींनी त्याला दिली, दुकानात लावली आहे, रोज पुसतो. तेव्हाही मी "बरं"च म्हटलं. रडू म्हणाल तर अजून आलेलं नाही. दातावर भूल दिल्यावर गाल असतो ना, आपलाच, पण दुसऱ्या कोणाचा तरी, तसं विनूभाऊंच्या बाबतीत माझं झालं आहे. तरी लिहायला बसले आहे, कारण त्या गिटारीबद्दल भाऊ जे बोलले ते आता मला एकटीलाच माहीत आहे.

विनायक देशकर बालाघाटला सिंचन खात्यात ट्रेसर होते. साहेबांनी काढलेल्या कालव्यांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईने हुबेहूब रेघा उतरवायच्या, हे काम. मी मुलींच्या सरकारी शाळेत शिकवत असे. नव्वदीच्या सुरुवातीला गावात आमचा एक ऑर्केस्ट्रा होता. गणपती, लग्नांची रिसेप्शनं, राईस मिलवाल्यांचे वाढदिवस, असे कार्यक्रम मिळत. बायकांची सगळी गाणी मी म्हणायचे. राजू ड्रम वाजवायचा. त्याचं बसस्टँडजवळ टायरचं दुकान होतं. आणि विनूभाऊ बास गिटार वाजवायचे.

बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. तिच्यात गाण्याची चाल वाजत नाही. खालून एक घुमारा येत राहतो आणि बाकीचे सगळे त्याच्या भरवशावर चालतात. आमच्याकडे लोकांना हे ठाऊक नव्हतं. प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी हुशार माणूस स्टेजजवळ येऊन विचारणारच, "काहून जी, दोन तारा तुटल्या काय?" भाऊ न हसता सांगायचे, "हौ. दोन घरी भाजीत टाकल्या."

भाजीचं तर खरंच होतं म्हणा. बासच्या तारा बालाघाटात मिळत नसत. नागपूरहून आणाव्या लागत, आणि जुन्या झाल्या की आवाज मरगळतो. मग भाऊ रविवारी सकाळी तारा काढायचे, गुंडाळी करून पातेल्यात टाकायचे आणि सोडा घालून उकळायचे. तारांतला मळ सुटला की आवाज पुन्हा टणक होतो. सुमनवहिनी शेगडीसमोर उभ्या राहून म्हणायच्या, "आज वरण होनार हाय का तारच जेवाची?" भाऊ म्हणायचे, "वरण काय, रोजच होते व." त्या पातेल्यात वहिनींनी पुन्हा कधी काही शिजवलं नाही. पण ते फेकूनही दिलं नाही.

त्या गिटारीवर ब्रँडचं नाव होतं कामोरी. मानेच्या टोकाला, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात तिथे, शिंपल्याच्या तुकड्यांतून अक्षरं बसवलेली होती. जपानी कंपनी, कधीच बंद पडलेली. तिरोडीच्या मँगनीज खाणीवर एक साहेब होते, त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला होता, त्याने कुठल्याशा बंदरातून हौसेने आणली आणि दोन महिन्यांत कंटाळला. भाऊ कालव्याच्या सर्व्हेच्या कामाला तिकडे गेलेले असताना त्यांनी ती ऐकली. ऐकली म्हणजे काय, मुलाने स्पीकरला जोडून नुसती एक तार छेडली आणि भिंतीवरची फोटोची फ्रेम थरथरली. भाऊंनी आपली नवी स्कूटर तिथेच दिली आणि गिटार घेऊन रेल्वेने परत आले. स्टेशनवर लोकांनी विचारलं, स्कूटर कुठे? भाऊंनी खांद्यावरच्या गिटारीकडे बोट दाखवलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत ऑफिसला सायकलवर गेले. सासरे कित्येक दिवस बोलत नव्हते म्हणे.

तिला खोळ होती वहिनींच्या जुन्या रजईची. पट्टा होता खाटेच्या नवारीचा. आणि पारख करायची त्यांची एक रीत होती. घरी पाहुणा आला की छोट्या स्पीकरला वायर लावून खालची जाड तार मोकळी छेडायचे आणि स्वयंपाकघराकडे कान द्यायचे. मांडणीवरचे स्टीलचे पेले किणकिणले की खूश. "पाहा," म्हणायचे, "पेल्याले कंपनीचं नाव थोडीच मालूम हाय." दुसरं एक वाक्य ते नव्या पोरांना ऐकवायचे, "बास ऐकू आला का समजायचं, चुकला. त्याच्यावर उभं राहायचं असते फक्त."

मला हे थोतांड वाटायचं. खरंच सांगते. मग लालबर्ऱ्याच्या एका मिलवाल्याकडे रिसेप्शन होतं तेव्हा कळलं. यजमान स्टेजपाशी आले आणि भाऊंकडे पाहून आमच्या मॅनेजरला म्हणाले, "ये आदमी क्या कर रहा है? ये तो बस खड़ा है." जागा कमी होती, त्यांना तिथे फुलांची कमान ठेवायची होती. भाऊंनी वाद घातला नाही. वायर काढली, गिटार खोळीत घातली आणि जेवायला जाऊन बसले. आता तुम्हाला वाटेल की नाच थांबला, लोक ओरडले, यजमान माफी मागायला धावले. छे! काही झालं नाही. लोक नाचत राहिले. कोणाला पत्ताही लागला नाही. फक्त मी गात होते आणि दुसऱ्या कडव्याला माझ्या पायाखालची जमीन गेली. सूर सापडेना. कसंबसं गाणं संपवलं आणि खाली उतरले तर भाऊ जिलबी खात होते. मान वर न करता म्हणाले, "तुमचा सा कुठी गेलता हो, मॅडम?" मला इतका राग आला की मी त्यांच्या ताटातली जिलबी उचलून खाल्ली.

त्यांचा अपमान झाला म्हणून ते कधी दुखावलेले दिसले नाहीत. दुखावायचा तो राजू. राजूचा भाऊंवर जीव होता. ड्रम आणि बास यांची जोडी लागते, एकाचा पाय ड्रमच्या पेडलवर पडला की दुसऱ्याची तार पडायला हवी, आणि या दोघांची अशी पडायची की तिसऱ्याला मध्ये बोट घालायला फट नाही. राजूचे वडील लहानपणीच गेलेले. त्याचं लग्न भाऊंनी जमवलं, दुकानाची पाटीसुद्धा भाऊंनी ट्रेस करून दिली. तर राजूच्या मनात एक गोष्ट कायमची बसली, ती नागपूरची.

नागपूरच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राला बास वाजवणारा हवा होता. कोणीतरी भाऊंचं नाव सुचवलं. राजू सोबत गेला. तिथल्या मालकांनी खोळ उघडायच्या आधीच विचारलं, "कोणत्या कंपनीची?" भाऊ म्हणाले, "कामोरी." मालक हसले. "कामोरी? हे काय साबणाचं नाव आहे का?" बाकीचेही हसले. मग ते एका मोठ्या अमेरिकन कंपनीचं नाव घेऊन म्हणाले, "स्टेजवर तिची गिटार दिसली पाहिजे. आमच्याकडे आहे एक, ती घेऊन वाजवा." भाऊ म्हणाले, "एक डाव हिच्यावर ऐका तं." ते म्हणाले, वेळ नाही. भाऊ म्हणाले, "बरं," आणि परत आले. गाडीत त्यांनी संत्री सोलून राजूला दिली म्हणे. राजूने खाल्ली नाहीत. पुढे कितीतरी वर्षं "कामोरी" शब्द कोणी काढला की राजूचे कान लाल व्हायचे. म्हणायचा, "गिटार सोन्याची हाय, नाव मातीचं. भाऊले त्या नावानं खाल्लं."

मग भाऊंना साखरेने धरलं. होतीच आधीपासून, पण हा माणूस जिलबी सोडेल तर ना! आधी पायांची संवेदना गेली, मग बोटांकडे सरकली. मला कळलं ते असं, की मी चहा घेऊन गेले, गरमागरम, स्टीलच्या पेल्यात. मी पदराने धरला होता. भाऊंनी तो डाव्या मुठीत नुसता घेतला आणि बोलत बसले. मी पेला ओढून घेतला तर तळवा लाल झालेला. "भाजत नाही?" मी विचारलं. त्यांनी हाताकडे परक्यासारखं पाहिलं. म्हणाले, "डावा हात आजकाल ऑफिसले येऊन राह्यला नाही, मॅडम. रजेवर हाय."

डावा हात म्हणजे तार दाबायचा हात. सूर कुठे आहे ते त्या बोटांना कळावं लागतं.

पायाची जखम चिघळली तेव्हा त्यांना नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं. कामोरी तेव्हा राजूच्या दुकानामागच्या खोलीत होती, तिथेच आम्ही तालीम करायचो. माझी त्याच दिवसांत निवडणुकीची ड्यूटी लागली, बैहरकडे, आत जंगलात. परत आले तेव्हा सगळं झालेलं होतं.

राजूने ट्रकवर नावं रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं होतं. गावात सगळ्याच गोष्टींवर तो नावं घालायचा, राईस मिलच्या पाट्यांवर, जीपच्या काचांवर, आमच्या ड्रमच्या तोंडावरसुद्धा त्यानेच घातलं होतं. त्याने गिटारीच्या टोकावर काळा इनॅमल दिला, आणि त्यावर पिवळ्या रंगात, लाल सावली देऊन, त्या मोठ्या अमेरिकन कंपनीचं नाव काढलं. स्पेलिंग अगदी बरोबर. एका कॅसेटच्या कव्हरवरून उतरवलेलं. आणि नाव थोडं उघडं वाटलं म्हणून दोन्ही बाजूंना एकेक कमळ.

मी पाहिलं आणि म्हटलं, "राजू, अरे काय केलंस हे?"

तो इतका खूश होता! "भाऊ घरी येतीन तं दिसलं पायजे, मॅडम. आता कोन हसते पाहू."

भाऊ काठी टेकत आले. राजूने खोळ काढली. भाऊंनी टोकाकडे पाहिलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. वहिनींनी माझा हात धरला. भाऊंनी बोट फिरवलं अक्षरांवरून, पण डाव्या हाताचं, ज्याला काही जाणवत नव्हतं. मग म्हणाले, "लय मेहनत केली रे राजू. कमळं तं एक नंबर." राजू लहान मुलासारखा रडला. मग त्याने पेढे वाटले, आणि भाऊंनी साखरेचा विचार न करता एक खाल्ला.

त्या वर्षीचा गणपती त्यांनी वाजवला. चुकले, पुष्कळ चुकले. बोटं तारेवर पडायची पण सुराच्या जागेपासून बोटभर इकडे तिकडे. राजू ड्रम जोरात वाजवून झाकायचा. विसर्जनानंतर भाऊंनी गिटार खोळीत ठेवली आणि पुन्हा स्टेजवर आले नाहीत. तोवर ऑर्केस्ट्राचेही दिवस भरत आले होते. कीबोर्डवरच बास वाजायला लागला होता, बटण दाबलं की झालं.

त्यानंतर त्यांच्या मनात एकच गोष्ट उरली. मुलंबाळं नव्हती. मला म्हणाले, "मॅडम, हे खुंटीवर नाई राहिली पायजे. कोनी वाजवनाऱ्याच्या हातात गेली पायजे. आनि त्यानं नाव पाहून नाई, ऐकून नेली पायजे. बस." दुसरं काही मागितलं नाही त्यांनी कोणाकडे, देवाकडेसुद्धा मागितलं असेल असं वाटत नाही.

आणि एक दिवस नागपूरहून फोन आला. एक तरुण मुलगा, हॉटेलात बास गिटार वाजवणारा. गोंदियाच्या साउंडवाल्याने त्याला सांगितलं होतं. त्याने विचारलं, "काका, तुमच्याकडे कामोरी आहे म्हणे?" भाऊंनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं. "मॅडम, बाहेरच्या मानसाच्या तोंडून हे नाव मी पयल्यांदा ऐकलं. त्याचा गुरू म्हनते, त्या कंपनीसारखा बास कोनी केलाच नाही. आता लोक शोधून राह्यले. इंटरनेटवर भाव चढले म्हने." भावाशी त्यांना काही घेणं नव्हतं. नुसतं नाव कोणीतरी घेतलं होतं.

तो रविवारी दुपारी आला. मी होते. राजूही होता, इस्त्रीचा शर्ट घालून. भाऊंनी त्याला इतकंच सांगितलं होतं की एक मुलगा गिटार पाहायला येतो आहे. मुलगा चांगला होता. पाया पडला, पाणी प्याला, वहिनींशी गोड बोलला. त्याने कामोरी कधी पाहिलेली नव्हती, गुरूकडून ऐकलेली होती फक्त. राजूने खोळ काढली आणि टोक त्याच्यासमोर धरलं.

"नाव पाहा जी!"

मुलाने नाव पाहिलं. कमळं पाहिली. अंगठ्याने रंगाचा थर चाचपला. मग भाऊंकडे वळून म्हणाला, "काका, पण मला तर कामोरी सांगितली होती."

नागपूरचा माणूस आणि तोंडात कामोरी. राजूचे कान लाल झाले. "कामोरी-बिमोरी काही नाई जी इथं," तो ताडकन म्हणाला. "हे वरचं नाव वाच. सुरुवातीपासून हेच हाय. भाऊ लहानसहान वस्तू वाजवत नाई."

वहिनी दाराशी चहाचा ट्रे घेऊन तशाच उभ्या. मी भाऊंकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं त्यांना. त्यांनी राजूकडे पाहिलं, त्याच्या त्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, आणि मुलाला म्हणाले, "एक डाव वाजवून तं पाहा, बेटा."

"नको काका, गाडीची वेळ झाली," तो म्हणाला. फार अदबीने म्हणाला. "छान आहे तुमची गिटार. पण मला कामोरीच हवी होती." चहा मात्र सगळा प्याला.

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. तिथे तो हळूच म्हणाला, "मावशी, काकांना कोणीतरी फसवलं हो. नकली आहे ती. तुम्ही सांगू नका, त्यांना वाईट वाटेल." मी त्याचा दंड धरला. म्हटलं, "अरे ऐक, ते नाव..." तेवढ्यात ओसरीतून भाऊंचा आवाज आला, "मॅडम! चहा थंडा होऊन राह्यला!" असा आवाज त्यांनी आयुष्यात कधी चढवला नसेल. मी वळून पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही अशी. मी दंड सोडला. मुलगा नमस्कार करून गेला.

राजू फणफणत होता. "पोट्टं येडं हाय. हिरा समोर ठेवला तं म्हनते गोटा पायजे." भाऊ म्हणाले, "हौ. जाऊ दे. तू असं कर, समोसे घेऊन ये गरम." राजू सायकल काढून गेला.

मी उभीच होते. मला रडावंसं वाटत होतं की ओरडावंसं, काही कळत नव्हतं. म्हटलं, "भाऊ, खाली शिंपल्याची अक्षरं शाबूत आहेत. थिनरने निघते ते. आधीच काहून नाही पुसलं? अजूनही फोन करा त्याले."

भाऊंनी गिटार मांडीवर घेतली. डावा हात तिच्या पोटावर नुसता ठेवला, वस्तू ठेवावी तसा. हनुवटी लाकडावर टेकली. तिथे त्यांना अजून जाणवत होतं. उजव्या हाताने स्पीकरची वायर लावली आणि अंगठ्याने जाड तार मोकळी छेडली. आत मांडणीवरचे पेले किणकिणले. आवाज विरेपर्यंत ते डोळे मिटून राहिले.

"थिनर घरातच हाय, मॅडम," ते म्हणाले. "धा मिंटाचं काम हाय. पन राजू रोज येते ना."

फाटकाशी सायकलची घंटी वाजली. "आला पाहा," म्हणत त्यांनी गिटार उचलली आणि, आत येणाऱ्याला नाव आणि दोन्ही कमळं आधी दिसतील अशी, भिंतीला टेकवून ठेवली.